भागीची कोकरं

माझी बहीण भागी वेंधळी नव्हती. हे एवढं वाक्य आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात मागे घेता येणार नाही. तिच्या तेराव्याला आम्ही सगळे खर्डीच्या पलीकडे तिच्या घरी जमलो होतो. पंगत बसली होती आणि तिच्या सवतीचा नातू वाढता वाढता सांगत होता, "आजी आमची लय भोळी. मीठ म्हणून सोडा टाकील, म्हणून आई तिला चुलीपाशी एकटी बसूच देत नव्हती. तरुणपणी तर तिनं म्हणे तापाच्या भरात कोकरांचा अख्खा कळपच..." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि थांबला. मामाआजोबांना वाईट वाटेल, असं त्याला वाटलं असावं. माणसं मायेनं हसली. त्यात मीही थोडा हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडावर चिकटल्यासारखं वाटतं, म्हणून लिहायला बसलो आहे. डोळ्यांना कमी दिसतं, अक्षर वाकडं येतं, पण आठवण धड आहे. तिची आठवण धड राहिली नाही, याला कारण मी आहे.

आमचं गाव मुरबाडकडून म्हसाला जाताना लागतं. घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या लावून त्यावर शेणमाती लिंपलेली, वर पेंढा. आत एका अंगाला बैल आणि दुसऱ्या अंगाला आम्ही, मध्ये जेमतेम कमरेइतकी आड भिंत. बैल रवंथ करायचे त्याचा आवाज आम्हाला झोपेत सुद्धा ऐकू यायचा आणि तो थांबला की जाग यायची. आईला आम्ही आय म्हणायचो. ती बोलायला कमी आणि कामाला वाघ. वालाचं बिरडं, नाचणीची भाकरी, कधी चुलीत भाजलेली सुकट, हे आमचं जेवण. भात पिकायचा, पण तो वर्षभर पुरवायचा असे, म्हणून हिवाळ्यात भाकरीवरच जोर. बाबा तापट नव्हते. त्यांची रीत वेगळी होती. ते एखादी गोष्ट एकदा बोलायचे, आणि मग ती गोष्ट तशीच व्हायची.

भागी माझ्याहून मोठी. मी तिला बाय म्हणायचो. तिचं लग्न खर्डीकडे झालं होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ती एक बोचकं काखेत मारून आमच्याकडे निघून आली. "सवतीच्या ताटात मी जेवनार नाय," एवढंच ती म्हणाली. बाबांनी तिला घरात घेतलं, पण ठेवून घेतलं असं म्हणता येत नव्हतं. पौषात म्हसाची जत्रा भरली की आमच्याकडचे सगळे सोयरे तिथं भेटायचे, बैल बघता बघता लग्नंही ठरायची आणि मोडायचीही. तिचा दीर जत्रेला येणार होता. तिला पाठवायचं की पंचांसमोर काडीमोड घ्यायची, ते तेव्हा ठरणार होतं. बाबांचं मन कुठे झुकतंय ते कळत नव्हतं. भावकीत बोलणी व्हायची की नांदती पोरगी बापाच्या घरी किती दिवस भाकरी मोडणार. भागी भाकरी मोडत होती खरी, पण तिच्याइतकं काम घरात कोणी करत नव्हतं.

भातकापणी उरकली की घाटावरून धनगर उतरायचे. माळशेजच्या अंगानं खाली येऊन ते मेंढ्या आमच्या रिकाम्या खाचरांत बसवायचे. आज या शेतात, चार दिवसांनी पुढच्या. मेंढ्यांच्या लेंड्यांनी शेताला खत व्हायचं आणि त्या बदल्यात आम्ही त्यांना भात द्यायचो. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. दरवर्षी तेच कुटुंब आमच्याकडे यायचं. त्यातली धुरपा म्हणजे आमची धुरपामावशी. उंच, काळी, हातात लोकर कातायची चाती सतत फिरत असलेली. ती बोलायला लागली की तिचं घाटावरचं बोलणं ऐकायला आम्ही काम टाकून बसायचो. त्या वर्षी गवत लवकर वाळलं होतं. नुकत्याच व्यालेल्या काही मेंढ्यांना कळपाबरोबर चालवत नव्हतं, दूध आटलं होतं आणि कोकरं नुसती हाडं राहिली होती. धुरपा भागीला म्हणाली, "भागे, ही दहाबारा कोकरं न् त्यांच्या आया ठिव तुझ्याकडं. जत्रंपतुर जगीव. जगतील त्यातली निम्मी तुझी. फुडल्या साली आनि देईन."

बाबा ओटीवर बसून ऐकत होते. धुरपा गेल्यावर म्हणाले, "जगवलीस तर तू घराला भारी नायस असं मी चार माणसांत सांगेन. दिरालाही सांगेन. नाय जगली तर मग जायचं, सवत असो नाय तर कोण असो."

"जगतील," भागी म्हणाली.

पहिल्याच दिवशी अडचण कळली. कोकरांसाठी कणी आणि कुळथाची भरड ठेवली की त्यांच्या भुकेल्या आयाच धक्के मारून खाऊन टाकायच्या. कोकरं मागे ढकलली जायची आणि बें बें करत राहायची. बांधून ठेवावं तर मेंढ्या ओरडून गाव डोक्यावर घ्यायच्या. भागी दोन दिवस नुसती बघत राहिली. आयनं अंगणात कोंबड्या झाकायचं डालगं तीन दगडांवर टेकवून ठेवलेलं असायचं. खाली कणी टाकलेली. पिल्लं फटीतून आत जाऊन टिपायची आणि कोंबडी बाहेर घिरट्या घालायची. ते बघता बघता भागी एकदम उठली आणि मला म्हणाली, "दामू, कोयता घे. कोकरांचं डालगं करायचं."

ते बांधताना आम्ही जितके हसलो तितके त्यानंतर कधी एकत्र हसलो नाही. डोंगरातून कारवी आणली. ऐनाच्या लाकडाच्या चार मेढी पुरल्या. पळसाच्या मुळ्या ठेचून त्यांचे दोर वळले. खरा प्रश्न होता दोन काठ्यांमधल्या फटीचा. भागीनं सगळ्यात मोठं कोकरू धरलं, दोन्ही तळव्यांत त्याची छाती दाबली आणि तळवे तसेच ठेवून माझ्यासमोर धरले. "माप घे!" मी वीत लावली. वीत आणि वर थोडं. पण मला घाई, मी फटी जरा सैल धरल्या. संध्याकाळी भरड टाकली तर एक रोडकी मेंढी अंग चोरून आत शिरली. तिनं सगळं खाल्लं, तिचं पोट तट्ट झालं आणि ती आल्या वाटेनं बाहेर निघेना. अर्धी आत, अर्धी बाहेर. बाबा शेतातून आले, त्यांनी ते बघितलं आणि त्या माणसाला मी प्रथमच पोट धरून हसताना पाहिलं.

"दामू, ही मेंढी तुझी बहीण शोभते बग," ते म्हणाले. "आत शिरायचं कळतं, बाहेर यायचं नाय."

"माप माझं बरोबर होतं, बाबा," भागी म्हणाली. "यानं वीत मोजली ती आपल्या कामचोर हातानं."

"मग तू बांध. हा दोर वळील."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक काठी स्वतः लावली. कोकरांची लोकर अडकू नये म्हणून काठ्यांच्या कडा फुटक्या कौलानं घासून गुळगुळीत केल्या. जाड कळकाचा बांबू उभा चिरून त्याची खाण्याची डोण केली, कोकराच्या गुडघ्याइतक्या उंचीवर टेकवली. वर पेंढ्याचं छप्पर घातलं आणि माणसाला आत जायला एका बाजूची चौकट उचलता येईल अशी ठेवली. कोकरं टणाटण आत शिरायची, आया फटीतून तोंडं खुपसून बघत राहायच्या आणि पोरांचं खाऊन झालं की ती बाहेर येऊन पुन्हा आईला लुचायची. काही दिवसांतच त्यांच्या पाठीवरची हाडं बुजली. गावातल्या बाया बघायला यायच्या. धुरपानं एकदा येऊन प्रत्येक कोकराच्या कण्यावर अंगठा दाबून बघितला आणि भागीच्या पाठीवर थाप मारली. भागीनं सगळ्यांना नावं ठेवली होती. एकाला ती बाबांचं नाव घेऊन हाक मारायची, बाबा घरात नसताना. ते कोकरू सगळ्यांत हट्टी होतं.

रोज पहाटे ती जात्यावर बसून कुळीथ आणि कणी भरडायची. ते भरडलेलं थोडं भिजवून, वर मिठाचा खडा चुरून सकाळ-दुपार डोणीत घालायची. कोकरांच्या पोटाला काय सोसतं, किती सोसतं, हे तिनं धुरपाला विचारून विचारून ठरवलं होतं आणि त्यात ती कधी चुकली नाही. हे मी साक्षीला उभं राहून सांगतो. अशा साक्षीची गरज होती तेव्हा मी ती दिली नाही, हे पुढे येतंच.

जत्रा जवळ आली आणि भागीला हिवताप आला. आमच्याकडे तो नवा नव्हता, पण दुसऱ्या महायुद्धामुळे तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या कुठे मिळत नव्हत्या. घोंगडीवर घोंगडी टाकली तरी तिचे दात वाजायचे. आय वालाच्या शेतावर जायची. तिनं मला सांगितलं, "तेवढी भरड करून कोकरांना घाल. बाकी काय नको तुझ्याकडनं." मी जात्यावर बसलो. तेव्हा मी मिसरूड फुटलेला, बैलगाड्यांच्या शर्यतीत नाव कमावू बघणारा. आमच्यात पुरुष जात्याला हात लावत नव्हता. आणि नेमका शेजारचा गोंद्या दारात येऊन उभा राहिला.

"अरे वा! दामूबाय! एक ओवी म्हण की!"

"जा रे."

"म्हण ना. सासरी गेल्यावर कामाला येल. लुगडं कवा नेसतोस?" आणि तो माळावर जाऊन पोरांना सांगून आला. संध्याकाळपर्यंत मला बघितलं की पोरं गळा काढून दळण्याचा सूर धरायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेली भरड पुरवून पुरवून घातली. तिसऱ्या दिवशी भांडं रिकामं होतं. आय शेतावर, बाबा लाकडाला, भागी घोंगडीखाली. माळावर शर्यतीची तालीम होती आणि गोंद्या दोनदा हाक मारून गेला होता. दळायला बसलो तर तो पुन्हा येणार. मी घरात इकडे तिकडे बघितलं. कोपऱ्यात कोदऱ्याची लहान कणगी होती.

आता कोदऱ्याचं सांगायला हवं, कारण आजची पोरं कोदरा खात नाहीत. डोंगरउताराला आम्ही तो लावायचो. चांगला असला तर भातासारखा शिजतो. पण काढणीच्या वेळी भिजला तर तो चढतो. खाणारा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, डोळे फिरतात, जनावर दगावतं. म्हणून तसला कोदरा आय दोनतीन वर्षं मुरल्याशिवाय चुलीला लावत नसे. टाकूनही देत नसे, धान्य टाकायची आमच्यात रीत नव्हती. त्या साली कोदरा खळ्यावर भिजला होता. आयनं तो कणगीत भरला, वर राख पसरली आणि चुकून कोणाचा हात जाऊ नये म्हणून त्यावर बोरीची काटेरी फांदी दाबून ठेवली. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. मी ती फांदी उचलली, तेव्हा मनगटापासून बोटांपर्यंत ओरखडे उठले. ते ओरखडे उठत असतानाही मला कळत होतं की मी काय करतोय. मी स्वतःला म्हणालो, जनावरांना काय होतंय. राख झटकली, कोदरा पाण्यात बुचकळला आणि दुपारी पुन्हा यायला नको म्हणून डोणीत दुप्पट ओतला. मग फांदी जागच्या जागी ठेवून माळावर गेलो. त्या तालमीत माझी गाडी पहिली आली.

उन्हं डोक्यावर आल्यावर घरी आलो, तर मेंढ्यांचा आवाज वेगळाच येत होता. सगळ्या आया कुंपणाला भिडल्या होत्या, फटींतून तोंडं आत खुपसून ओरडत होत्या. त्यांना आत जाता येत नव्हतं. त्यांना जाता येऊ नये म्हणूनच तर ते बांधलं होतं. एकीलाही काही झालं नव्हतं, कारण एकीच्याही तोंडाला एक दाणा लागला नव्हता. आत कोकरं पाय फाकवून उभी होती, माना डुलत होत्या, एक पडत होतं, उठत होतं, पुन्हा पडत होतं. आणि त्यांच्या मध्ये भागी बसली होती. खांद्यावर घोंगडी, अंग थडथडतंय, मांडीवर ते हट्टी कोकरू आणि ती त्याच्या तोंडात चिंचेचं पाणी बोटानं सोडत होती. "दामू, बग ना रे यांना काय झालं," ती म्हणाली. "कायतरी चावलं का?"

मी चिंचेचं पाणी आणत राहिलो. पळत आणत राहिलो. ऊन कलेपर्यंत तीन कोकरं सोडून सगळी गेली होती.

धुरपाला निरोप गेला, ती धावत आली. तिनं डोणीच्या तळाचे दाणे बोटावर घेतले, दातांनी फोडले आणि थुंकली. "कोदरा हाय ह्यो. भिजका. कुनी घातला?"

अंगणात माणसं जमली होती. बाबा लाकडाचा भारा टाकून तसेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "दामू, सकाळी तू घातलंस ना?"

मला वाटतं, एक श्वास घेण्याइतका वेळ माझ्याकडे होता. "मी नुसता वतला, बाबा," मी म्हणालो. "बायनं भिजवून ठेवला होता."

कोणीतरी लगेच म्हणालं की काल सांजेला भागी तापात उठून अंगणात फिरत होती, कोकरांशी बोलत होती, आपण डोळ्यांनी पाहिलं. ते खरंच होतं. ती उठली होती, त्यांना बघायला. तेवढं पुरलं. बाबांनी मान खाली घातली आणि ते घरात गेले. मला कोणी पुढे विचारलं नाही. एवढ्या सोप्या रीतीनं ते झालं की मलाच नवल वाटलं.

इथंच थांबलं असतं, तर मी स्वतःला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी भागीचा ताप उतरला. ती घामानं भिजलेली, डोळे खोल गेलेले. मी पेज घेऊन गेलो तर तिनं माझा हात धरला.

"दामू, माणसं म्हणतात मी कोदरा भिजवला. मला तर कायच आठवत नाय रे. मी कणगीपाशी गेले होते?"

मी पेज ढवळत राहिलो.

"तू होतास ना घरात. खरं सांग. मी रागावनार नाय. मी भिजवला का?"

ती जगात फक्त माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होती. मी म्हणालो, "हो बाय. तूच भिजवलास. मला वाटलं तू बघूनच दिला असशील."

ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. कोणी ते हात नीट बघितले असते तर कळलं असतं. त्यांवर एकही ओरखडा नव्हता. एका माणसानं ते बघितले होते. संध्याकाळी विहिरीवर आयनं माझा हात ओढून घेतला, मनगट उलटं केलं, विहिरीच्या पाण्यानं धुतलं आणि पदराच्या गाठीतली हळद ओरखड्यांवर दाबली. मग म्हणाली, "कुपणाचे काटे लागले असतील." आमच्या त्या कुंपणाला काटा नव्हता, सगळ्या काठ्या भागीनं घासलेल्या. मी म्हणालो, "हो." आयनं माझा हात सोडला आणि घागर उचलली. ती मरेपर्यंत आम्ही त्यावर बोललो नाही. तिनं दोन लेकरांतलं एक निवडलं होतं. निवडलेल्याला त्याचं ओझं किती होतं ते तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

मेंढ्या दोन दिवस ओरडत राहिल्या. त्यांच्या कासा दाटल्या, तेव्हा भागीच उठून त्या पिळून देत होती. धुरपा आपली मेंढरं न्यायला आली. तिनं भांडण केलं नाही. भागीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तापात मानसाचं भान जातं, बाई. तुजा दोस न्हाई. पन मला आता तुज्याकडं टाकवत न्हाई." मला वाटतं, मारलं असतं तर भागीला बरं वाटलं असतं.

जत्रेत दीर आला. म्हशी-बैलांच्या गर्दीत एका झाडाखाली बोलणी झाली. बाबा जे एकदा बोलले होते तेच झालं. भागी आधी म्हणाली होती तसं सवतीच्या ताटाचं या वेळी काही म्हणाली नाही. जिला आपल्या हाताचा भरवसा नाही, ती कशाच्या जोरावर म्हणणार? मीच तिला गाडीतून पोहोचवायला निघालो. शहापूर ओलांडल्यावर ती म्हणाली, "दामू, माझं दुसरं लुगडं बोचक्यात घातलं ना रे मी?" मी म्हणालो घातलंस. तिनं बोचकं सोडून बघितलं, बांधलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा विचारलं, पुन्हा सोडलं. खर्डी येईपर्यंत किती वेळा ते मी मोजलं नाही. मला एवढंच आठवतं की तिसऱ्या-चौथ्या वेळी मी खेकसलो, "किती वेळा बघशील!" आणि ती ओशाळून म्हणाली, "माझं मेलीचं डोकं."

त्या आधी ती असं कधी म्हणत नव्हती. पुढं ते तिचं नेहमीचं झालं. दिरानं घरी कोकरांची गोष्ट सांगितलीच होती. सवत वाईट नव्हती, पण चुलीपासून तिनं भागीला लांब ठेवलं ते ठेवलंच. भागीनं सवतीची पोरं अंगाखांद्यावर वाढवली, पण त्यांना औषध द्यायची वेळ आली की दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायची. मीठ घातलं का, कडी लावली का, दूध उतू जाईल का, दिवसभर विचारत राहायची. पोरं मोठी झाली तशी थट्टा करायला लागली. मी रेल्वेत लागलो, आसनगावला घर केलं. दर भाऊबीजेला लुगडं घेऊन जायचो. ती ओवाळायची, आणि ओवाळून झाल्यावर सवतीकडे वळून विचारायची, "मी कुंकू लावलं ना गो याला?" कुंकू माझ्या कपाळावर ओलं असायचं. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. दर वेळी घरात माणसं असायची, पोरं असायची, मला गाडी गाठायची असायची. माझ्या नातवाचं बघतो, पास दाखवतो आणि रोज कल्याणला जाऊन येतो. मला तिला सांगायची ती एवढीशी वाट उभ्या जन्मात चालवली नाही.

शेवटी सांगितलं. ती जायच्या आधीच्या थंडीत. आम्ही दोघंही म्हातारे, पडवीत उन्हाला बसलेलो. तिच्या सवतीची सून सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिला उठायला सांगितलं नाही, म्हटलं ऐकू दे. गोंद्यापासून सगळं सांगितलं. जातं, कणगी, बोरीची फांदी, दुप्पट ओतलेला कोदरा, बाबांना काय बोललो, तिला काय बोललो. काही गाळलं नाही. सुनेच्या हातातलं सूप थांबलं.

भागी ऐकत होती. तिच्या तोंडावर राग आला नाही, नवलही दिसलं नाही. ती हळूच हसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दामू, ऐंशीला टेकलास आणि अजून असा करतोस?"

"बाय, खरं सांगतोय मी."

"अरे मला आठवतंय ना!" ती म्हणाली. "पहिल्यांदा आठवत नव्हतं. मग हळूहळू सगळं आठवलं. मीच कणगी उघडली. ओला कोदरा, गारगार, बोटांना लागला तो अजून लागतो. मीच भिजवला रे. तू तेव्हाही माझ्यासाठी चिंचेचं पाणी घेऊन किती पळालास. आता जायच्या वेळेला माझ्या डोक्यावरचं काढून आपल्या डोक्यावर घेतोयस होय? नको घेऊ. मी कवाच सोडून दिलंय ते."

"बाय, तू हात लावला नव्हतास. मी..."

"बगितलंस गो?" ती सुनेकडे वळून म्हणाली. "असा भाऊ कोणाला मिळतो?"

सुनेनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि वाकून माझ्या पाया पडली.